जावयाचं मत

आमच्या जावयाला मत नाही. बारा वर्षं तो माझ्या घरात जेवतो आहे, पण सोयाबीनच्या मिसोचं सार खारट झालं की पाणचट, हे त्याच्या तोंडून मी एकदाही ऐकलेलं नाही. विचारलं की म्हणतो, "छान आहे, आई." एकदा मी मुद्दाम मिसो घातलाच नाही. नुसतं गरम पाणी आणि त्यात तोफूचे चार तुकडे. गड्याने वाटी रिकामी केली, तोंड पुसलं आणि म्हणाला, "आज हलकं आहे."

मला मुलगा नाही. एकच मुलगी, मित्सुए. म्हणून तिचा नवरा तोमोनोरी आमचं आडनाव घेऊन आमच्या घरात आला आणि नेगोरो झाला. घरजावई म्हटलं की लोक जसं तोंड करतात तसा तो नाही. कामाला वाघ आहे. पण आमच्या धंद्यात ज्याला मत नाही तो म्हणजे वस्तऱ्यावाचून न्हावी.

धंदा आमचा जुन्या गेमचा. कॅसेटी, हातात धरून खेळायची यंत्रं, ॲनिमेच्या तबकड्या, सिनेमे. निप्पोनबाशीच्या आमच्या गल्लीत हेच विकणारी चाळीस दुकानं असतील आणि त्यातली निम्मी आमच्यापेक्षा मोठी. तरी गिऱ्हाईक आमच्याकडे येतं ते चिठ्ठ्यांसाठी. फळीवर प्रत्येक वस्तूखाली तळहाताएवढी एक चिठ्ठी, आणि त्यावर माझं मत. माझे यजमान रेडिओ दुरुस्त करायचे. ते गिऱ्हाइकाशी बोलायचे नाहीत, म्हणून मी लिहायला लागले. शाळा माझी पंधराव्या वर्षी संपली. मग टॉवेलच्या गिरणीत. त्यामुळे पोरं पहिलीत शिकतात ती सोपी अक्षरंच मी लिहिते, जाड पेनाने. चित्रांसारखी अवघड अक्षरं चुकतात, म्हणून त्यांच्या वाटेला जात नाही.

नियम एकच. खेळल्याशिवाय लिहायचं नाही, बघितल्याशिवाय लिहायचं नाही.

फळीवर काय असायचं ते सांगते. एका लांबलचक गेमखाली: "पहिले वीस तास नुसतं चालणं. एकविसाव्या तासाला मी रडले. चपला चांगल्या घाला." एका ॲनिमेखाली: "यंत्रमानव झकास. चालवणारा पोरगा रडका. सव्वीस भागांत एकदाच जेवला." हातातल्या एका यंत्राखाली: "उन्हात काही दिसत नाही. झाडाखाली बसा, नाहीतर दुसरं घ्या." एका भुताच्या सिनेमाखाली: "भूत छान. नवरा बावळट. ती मेल्यावर सुटली." लोक उभे राहून वाचतात, हसतात आणि घेऊन जातात. घेतलं नाही तरी हसून जातात, तेही चालतं.

तर या एप्रिलात माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दवाखान्यात तीन दिवस. चौथ्या दिवशी घरी आले. डॉक्टर म्हणाले होते, आता सगळं लख्ख दिसेल. दुकानात पाऊल टाकलं आणि पहिली लख्ख गोष्ट दिसली ती ही, की फळीवर माझी एकही चिठ्ठी नाही. सगळीकडे छापील पांढरे चौकोन. "भव्य विश्व आणि हृदयस्पर्शी कथा." "सर्व वयोगटांसाठी आनंददायी अनुभव." प्रत्येकाला चार तारे. चांगल्याला चार, टुकाराला चार.

"आई, नीटनेटकं केलं," तोमोनोरी म्हणाला.

"माझ्या चिठ्ठ्या?"

"खोक्यात ठेवल्यात. तीनशे चौदा आहेत. क्रमाने लावल्यात."

ओरडणार होते, पण डोळ्याची पट्टी कालच सुटली होती, डॉक्टरांनी खाली वाकायला आणि ओरडायला मनाई केली होती. आणि मनात तर मी वेगळंच ठरवलं होतं. महिनाअखेर गल्लीतल्या दुकानदारांची सभा असते, आणि दर तीन वर्षांनी दुकानाचा मालक कोण ते नाव तिथे सांगायचं असतं. मी चौऱ्याहत्तरची. यंदा तोमोनोरीचं नाव सांगायचं, हे मित्सुएला मी बोलूनही दाखवलं होतं. आणि या बाबाच्या हाती दुकान गेलं, तर वर्षभरात ते चाळिसांतलं एक होणार, हे मला त्या चार-चार ताऱ्यांत स्पष्ट दिसलं.

दोन दिवसांनी सकाळी अकराच्या सुमारास इगुसाराव आले. ट्राम चालवून निवृत्त झालेला माणूस, तीस वर्षांचं गिऱ्हाईक. मी मागच्या फळीआड स्टुलावर बसून कॅसेटी पुसत होते, त्यामुळे त्यांना दिसले नाही. मला मात्र फटीतून दिसलं की गृहस्थ काळा टाय लावून आलेत. हातात उदबत्तीचा डबा, पांढऱ्या कागदात बांधलेला.

"हे असं अचानक..." इगुसाराव म्हणाले आणि थांबले.

आमच्याकडे दुखवट्याचं वाक्य कोणी पुरं करत नाही. अर्धं सोडायचं, उरलेलं समोरच्याने मान खाली घालून घ्यायचं. आणि आमच्या जावयाने घेतलं! दोन्ही हातांनी डबा घेतला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "आपण मुद्दाम आलात, आभारी आहे."

"कोण गेलं रे, तोमोनोरी?" मी मागून विचारलं.

इगुसारावांचा हात बाजूच्या फळीवर आदळला आणि सिनेम्यांची अख्खी रांग खाली आली. "फुसाएबाई! अहो, तुम्ही..."

"मी. पाय बघायचेत?"

"दवाखान्यात गेलात म्हणून कानावर आलं होतं. काल इथून जाताना बघितलं तर फळीवर तुमची एक चिठ्ठी नाही. मी काय समजायचं?"

"डोळ्याच्या दवाखान्यातून कोणी मसणात जातं का?"

"आपल्या वयात कुठूनही जाता येतं," ते म्हणाले आणि टाय सैल करून बसले. मग छापील चौकोनांकडे बोट दाखवलं. "आणि हे काय? सगळ्यांना चार तारे. मी घ्यायचं काय आणि सोडायचं काय? तुम्ही एखाद्या सिनेमाला 'बावळट' लिहिलंत की मी डोळे मिटून घेतो. तो मला हमखास आवडतो."

"म्हणजे तुमची आवड बावळट आहे."

"आहेच. पण आजवर तिने मला दगा दिलेला नाही."

निघताना मी डबा परत करायला लागले तर म्हणाले, "असू द्या. टिकाऊ वस्तू आहे."

ते गेल्यावर मी तोमोनोरीला समोर उभा केला. डॉक्टर काही म्हणोत. "मी पाच पावलांवर बसले होते. आमच्या सासूबाई जिवंत आहेत, एवढं तुला म्हणता आलं नाही?"

"त्यांचं बोलणं मध्येच तोडणं बरं दिसलं नसतं, आई."

"आणि मला मारणं बरं दिसलं?"

आवाज ऐकून मित्सुए जिन्यावरून खाली आली. "आई, पुरे ना गं. रात्रंदिवस खपून त्याने फळ्या लावल्यात."

"फळ्या लावायला हमाल मिळतो. हे बघ तोमोनोरी, सभेच्या आत मला तुझी एक चिठ्ठी पाहिजे. एकच. तू स्वतः खेळलेल्या गेमवर, तुझ्या हाताने, तुझं मत. नाही जमलं तर सभेत मी सांगते, की हे दुकान माझ्याबरोबर उघडलं आणि माझ्याबरोबर बंद होईल."

मित्सुएचा चेहरा उतरला. पण बोलले ते बोलले. माझं बोलणं मी कधी परत घेतलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने चिठ्ठी आणली. अक्षर मोत्यासारखं. "ज्यांना असे गेम आवडतात त्यांना हा आवडू शकेल." मी फाडली. तिसऱ्या दिवशी: "याबद्दल मतमतांतरे आहेत." तीही फाडली. "कोणाची?" मी विचारलं. "गल्लीतल्या मांजरांची? तुझं काय ते सांग."

त्याचे कान लाल झाले. बारा वर्षांत त्याचे कान लाल झालेले मी पाहिले नव्हते. मग तो आत गेला, माझ्या चिठ्ठ्यांचं खोकं आणलं आणि त्यातली एक काढून काउंटरवर ठेवली.

"आई, ही चुकीची आहे."

तळ्याकाठच्या गेमची चिठ्ठी होती. हातातल्या जुन्या यंत्रावर चालणारा गेम. एक म्हातारा, एकामागून एक तळी आणि गळ. मी लिहिलं होतं: "मासा येत नाही, झोप येते. घरात उशी नसेल तर घ्या."

"चुकीची कशी?" मी म्हटलं. "मत आहे ते."

"खेळल्याशिवाय लिहायचं नाही म्हणता तुम्ही. हा तुम्ही खेळला नाहीत. कॅसेटमध्ये तुमचा डाव अजून जपलेला आहे, मी बघितला. तीन तास. दुसऱ्या तळ्याच्या पुढे तुम्ही गेलाच नाहीत. गेम साठ तासांचा आहे."

"तीन तासांत कळतं."

"याचं नाही कळत!" तो चक्क ओरडला. मित्सुए जिन्यातच थबकली. "मी कंपनीच्या वसतिगृहात होतो तेव्हा खेळलो. त्या गावात मला कोणी ओळखत नव्हतं. रोज संध्याकाळी एक तास, दोन महिने. याच्यासारखा गेम मी दुसरा बघितला नाही, आणि तुमची ती उशी वाचून लोक हसतात आणि ठेवून देतात. सात वर्षं मी बघतोय. सात वर्षांत एकाने घेतला नाही."

"मग सात वर्षं तोंडाला काय कुलूप होतं? आणि ही एवढीच काढायची होतीस."

"एकच काढली असती तर तुम्हाला लागलं असतं." आता आवाज खाली आला. "सगळ्या काढल्या की कुठल्या एकीवर बोट राहत नाही."

म्हणजे एक चिठ्ठी काढायची, पण सासूला लागू नये, म्हणून या माणसाने तीनशे चौदा काढल्या. तीनशे चौदा नवीन छापल्या. कोणाला शंका येऊ नये म्हणून सगळ्यांना चार तारे दिले. आणि वर माझ्या नावाची उदबत्तीही घेतली. आमची माणसं अशीच आहेत, मला ठाऊक आहे. एकाला चहा नको असला तर अख्खी बैठक चहा घेत नाही. पण एवढं टोक मी बघितलं नव्हतं.

आणि गडी खोटं बोलत नव्हता. ते मला जास्त लागलं. ती चिठ्ठी लिहिली त्या वर्षी माझा अंगठा धरला होता, यजमान आजारी होते, आणि मी तीन तासांत ती कॅसेट काढून ठेवली होती. नियम माझा आणि मोडला मीच.

"यंत्र आण," मी म्हटलं. "आणि उगाच तिथे उभा राहू नकोस, गिऱ्हाईक बघ."

सभेला तेरा दिवस होते. रोज दुपारी जेवणानंतर मी मागच्या खोलीत बसायचे, अंगठ्याला पट्टी, बरा झालेला डोळा यंत्राला लावून. काय सांगू, रटाळ म्हणजे किती रटाळ! गळ टाकायचा आणि बसायचं. मासा मिळाला की गावात कोणाला तरी नेऊन द्यायचा. कोंबडीवाली, पोस्टमन, एक खडूस विधवा जी माशाला नावं ठेवते. ती मला आवडली. दिवसातून तीनदा मला डुलकी लागली. तोमोनोरी दारातून डोकावायचा, काही विचारायचा नाही. मीही सांगत नव्हते. मित्सुए म्हणाली, "आई, डोळा लाल झालाय." म्हटलं, "होऊ दे."

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटच्या तळ्याला पोचले. आता म्हाताऱ्याच्या काठीला गळच नाही. नुसती दोरी. बटण दाबलं तरी काही होत नाही, तो बसून राहतो. यंत्र बिघडलं म्हणून मी हाक मारणार होते. तेवढ्यात कोंबडीवाली आली आणि त्याच्या शेजारी बसली. मग पोस्टमन. ज्यांना ज्यांना मी मासे दिले होते ते एकेक करून येत गेले, बसत गेले. बोलत कोणीच नाही. विधवा सगळ्यात शेवटी आली, आणि तिने स्वतःचं बसकर आणलं होतं. पाणी हलत राहिलं. एवढंच. अर्धा तास ते तसंच चालतं, आणि मी अर्धा तास ते बघितलं.

वसतिगृहाच्या खोलीत एकटा बसून हे बघणारा पोरगा कसा असेल ते मला दिसलं. पण ते मी त्याला सांगायला गेले नाही.

यंत्र बंद केलं, तोंडावर पाणी मारलं आणि दुकानात आले. तोमोनोरी फळीपाशी होता. माझ्या चिठ्ठ्या त्याने तोवर परत लावल्या होत्या, तीनशे तेरा. तळ्याकाठच्या गेमखाली नवीन चिठ्ठी होती, जाड पेनाने लिहिलेली. पेन जोरात दाबल्यामुळे कागद एका जागी फाटला होता. "एकटे असाल तर घ्या. एकटे नसाल तर तुम्हाला कळणार नाही. सासूबाईंना कळला नाही."

मित्सुएने माझ्याकडे बघितलं. तोमोनोरी माझ्याकडे बघतच नव्हता, कान पुन्हा लाल.

मी चिठ्ठी दोनदा वाचली. मग त्याला म्हटलं, "गेम रटाळ आहे. एकोणसाठ तास रटाळ आहे आणि ते मी मरेपर्यंत म्हणणार. शेवटचा तास चांगला आहे, माझी चिठ्ठी चुकीची होती. उद्या सभेत तुझं नाव सांगते. पण या चिठ्ठीखाली सही कर, गाढवा. तुझं मत लोकांनी माझं समजायला नको."