पेन्सिलीचे आकडे

माझी बायको पियानो शिकवायची आणि मी तिचे कागद पुसायचो. हे असं सांगितलं की लोकांना वाटतं मी धूळ झटकत असेन. तसं नाही.

नोटेशनची पुस्तकं महाग, त्यातली बरीचशी पुढे मिळेनाशीही झाली. म्हणून तिने जमवलेले सुटे कागदच वर्षानुवर्षं एका मुलाकडून दुसऱ्याकडे जायचे. कोणता सूर कोणत्या बोटाने वाजवायचा हे ती त्यावर पेन्सिलीने लिहायची. अंगठ्याला एक, करंगळीला पाच. काही कागदांवर हे आकडे छापलेलेही असायचे, पण ते तिला पटायचे नाहीत. छापणाऱ्याने या पोरीचा हात पाहिलाय का, असं विचारायची. नवीन मूल आलं की आधी त्याचा पंजा पट्ट्यांवर पसरून बघायची आणि मग आकडे घालायची. हाताची पाचही बोटं सारखी नसतात असं सगळेच म्हणतात. तिने त्यावर अख्खा वर्ग चालवला.

वर्ष संपलं की कागद परत यायचे आणि पुढच्या मुलासाठी कोरे करायचे असायचे. पहिल्या वर्षी तिने खोडरबर माझ्या हातात दिलं तेव्हा मी म्हटलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. ती म्हणाली, म्हणून तर तुम्ही. ज्याला कळतं तो गुणगुणत बसतो आणि काम राहतं बाजूला. शिवाय मी शिंपी. कापडावर खडूने खुणा करायच्या आणि झटकून टाकायच्या यातच माझा जन्म गेला. एकाच्या मापावर दुसऱ्याचा सदरा बेतला तर काय होतं, ते मला कुणी समजावायला नको होतं.

जेवणाच्या टेबलावर बसायचो आम्ही. मी पुसायचो, ती समोर ब्लेडने पेन्सिली तासत बसायची आणि मुलांची नक्कल करून दाखवायची. सगळ्यांना तिने नावं ठेवलेली होती. एक मुंगी होती, एक होता दगड. एक घाई होती, जी सुरू व्हायच्या आधीच संपवायची. मी हसायला लागलो की रबर घसरायचं आणि मग मीच बोलणी खायचो. त्या टेबलाशी आम्ही दोघं म्हातारे झालो, असं म्हटलं तरी चालेल.

यंदा वर्ष संपायच्या आत ती गेली. मुलांच्या आयांनी कागद आणून दिले, मी ते कपाटात ठेवले आणि कपाट लावून घेतलं.

मग एक दिवस घाई आली, बायकोची ती जुनी विद्यार्थिनी. ती आता चाळिशीला टेकली आहे, स्वतः शिकवते. आमच्याकडची मुलं आता तिच्याकडेच जातात. तिला कागद हवे होते, कारण मुलं खोळंबली होती आणि दुकानात ते मिळत नव्हते. मी चळत तिच्यापुढे ठेवली आणि सरळ सांगितलं, की आकडे पुसायचे राहिलेत आणि मी ते पुसणार नाही. बायकोच्या हातचं यानंतर काही लिहिलं जाणार नाही.

"नका पुसू काका," ती म्हणाली. "मी असेच देते मुलांना. बाईंचे आकडे आहेत, चुकीचे थोडेच असणार?"

मला तेच ऐकायचं होतं. मी चहा टाकला. चहा झाल्यावर म्हटलं, निघण्याआधी यातलं एखादं वाजव. पियानोचं झाकण इतके दिवस कुणी उघडलं नव्हतं. तिने वरचाच कागद समोर लावला. दोन ओळी छान गेल्या. तिसरीत तिचा हात अडकला. तिने पुन्हा धरलं, पुन्हा तिथेच अडकला.

"सावकाश," मी म्हटलं.

"घाई नाही हो काका. हे माझ्या हाताला बसत नाहीये."

ती वाकून आकडे बघू लागली. मग म्हणाली, बाई यंदा जिला मुंगी म्हणायच्या तिची ही प्रत दिसते, ती आता माझ्याकडे येते, तिची करंगळी पार आखूड, म्हणून बाईंनी पाचाचं काम चारावर टाकलंय. मग तिने आकड्यांकडे न बघता आपल्या बोटांनी वाजवलं आणि ओळ सरळ निघून गेली.

तिने कागद काढून परत चळतीवर ठेवला. ती म्हणाली की हे राहू देत तुमच्याजवळ, ती दुसरीकडे शोधेल, उशीर झाला तर झाला. ती मनापासून म्हणत होती. पण मला दिसत होतं, की त्या खोळंबलेल्या मुलांना एकतर काहीच मिळणार नाही, नाहीतर माझ्या बायकोच्या नावावर भलत्याचंच माप मिळणार. तिने जन्मभर जे होऊ दिलं नाही, ते मी तिच्या मागे करायला निघालो होतो.

मी खोडरबर काढलं आणि त्या तिसऱ्या ओळीलाच हात घातला.

घाईनेही एक कागद ओढला आणि रबर पुढेमागे घासायला लागली. कागद चुरगळला.

"भांडी घासतेस का? एका हाताने दाबून धर आणि एकाच दिशेने ने."

"बाईंना पण असंच बोलायचात?"

"छे. त्या मला बोलायच्या."

ती हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं.

मला सूर वाचता येत नाहीत, पण आकड्यांवरून बायकोचा राग वाचता यायचा. मूल ऐकत नसलं की तोच आकडा ती गिरवत राहायची. असा एक चार आला, काळाकुट्ट. कुणाला तरी बराच ओरडा बसला असणार. मी त्यावर रबर टेकवून थांबलो. घाईने पाहिलं आणि मान खाली घालून आपलं काम करत राहिली. तो जायला वेळ लागला, पण गेला.

अर्धी चळत कोरी झाल्यावर मी तिला विचारलं, नवीन मुलं आलीत त्यांचे हात कसे आहेत. एकीचे पंख्याएवढे आहेत, ती म्हणाली, आणि दुसऱ्याचा अंगठा कुठे ठेवायचा हाच प्रश्न आहे. मी पुढचा कागद घेतला आणि तिला म्हटलं, आणखी सांग.