सुगंधनाथ महाराज आणि बंद डबा

विमलाबाई गेल्या त्याच्या आदल्या दिवशी घरात काहीही घडलं नाही. पुढे वर्षभर मोहिनीची हीच तक्रार होती. मायलेकी स्वयंपाकघरात पालेभाजी निवडत बसल्या होत्या आणि चार दिवसांवर आलेल्या कोजागिरीच्या दुधावरून भांडत होत्या.

"चांदणं पडलं का दूध औषध होते," विमलाबाई म्हणाल्या.

"आई, चांदणं म्हणजे सूर्याचाच उजेड. चंद्रावर आपटून खाली येतो, एवढंच."

"मंग बरंच झालं. दूध गरम राहीन."

मोहिनी सेलूतल्या कॉलेजात ग्रंथपाल. या विषयावर तिच्या कपाटात तीन पुस्तकं होती. आईजवळ एकच वाक्य असायचं आणि तेच पुरायचं. मोहिनी चिडून गाजरं किसायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी विमलाबाई चहाचं आधण ठेवता ठेवता खाली बसल्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत.

त्या वर्षी कॉलनीनं कोजागिरी केली नाही. यंदा वर्षश्राद्ध झालं आणि शेजारच्या अनुसयाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "मोहिने, तुयी माय करत होती सारं. आता तू कर. घरात बसून पुस्तकाले कसर लागते, मानसाले बी लागते."

आणि मोहिनी आयोजक झाली. आयोजन म्हणजे फार मोठं काही नाही. मोकळ्या प्लॉटवर सतरंज्या, वासुदेवरावांच्या किराणा दुकानातून दूध-साखर-चारोळी, आणि प्रत्येक घरून एक झाकलेला डबा. डब्यात काय आहे ते कोणी कोणाला सांगायचं नाही, हा या कॉलनीचा नियम. भुलाबाईची गाणी झाली की पोरी खिरापत ओळखतात तसे इथे सगळेच डबे ओळखायचे. डबेवालीला प्रश्न विचारायचे, गोड का तिखट, कोरडं का ओलं, ती हो-नाही म्हणणार, आणि ओळखला की डबा उघडायचा. विमलाबाईंचा डबा कधीच कोणाला ओळखता यायचा नाही. त्या चेहरा दगडासारखा ठेवायच्या.

यंदा मात्र ओळखायला बाहेरचा माणूस आला. वासुदेवराव त्याला स्कूटरवर मागे बसवून घेऊन आले.

"हे सुगंधनाथ महाराज," त्यांनी जाहीर केलं. "बंद डब्यावर हात ठेवला का आतलं सांगतेत. आणि त्या घरचं कोणी गेलं असन तर त्याचा निरोप बी आणतेत. माह्या दुकानात परवा त्याईनं बंद पोत्यातली तूर ओळखली."

"किराणा दुकानातल्या पोत्यात दुसरं काय असणार?" मोहिनी म्हणाली.

"हरभरा राहू शकते, ताई," वासुदेवराव दुखावून म्हणाले.

चंद्र निघायचा होता. कढईत दूध आटत होतं आणि भोवती शंभरेक माणसं. महाराज प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, खुर्चीवर त्यांची शाल आणि शालीवर अत्तर. मोहिनीनं आयोजक म्हणून पाणी दिलं आणि सहज विचारलं, "तपश्चर्या कुठे केली, महाराज?"

"हिमालय में."

"हिमालयात कुठे?"

"वरच्या बाजूले," महाराज म्हणाले आणि डोळे मिटले.

पहिली गेली समोरच्या घरातली हर्षा. महाराजांनी डावा हात डब्यावर ठेवला आणि उजव्या हातानं तिचं मनगट धरलं. "अन्न नाडीतून बोलते, बेटी. ढक्कन लोहे का हो या स्टील का, अन्नाचा आत्मा कोंडल्या जात नाई. गोड..." इथे ते थांबले. "नाई, गोड नाई. तिखट. तळून काढलेलं. गोल... लांब... लांब आहे. शेव!"

"अय्या!" हर्षा ओरडली. झाकण उघडलं. शेव होती. सतरंजीवर टाळ्या पडल्या. 'गोड' आणि 'गोल' हे दोन शब्द टाळ्यांखाली गेले ते पुन्हा कोणाला आठवले नाहीत.

मग अनुसयाबाई. "तुमच्या घरचं कोनी गेलं आहे," महाराज गंभीरपणे म्हणाले. अनुसयाबाई पंचाहत्तरीच्या होत्या. तरी चार बायकांनी हात जोडले.

मोहिनी मागे उभी राहून गालात हसत होती. हे सगळं तिला पाठ होतं. एनएसएसच्या शिबिरांत तिनं यावर व्याख्यानं दिली होती, पाण्यानं दिवा पेटवून दाखवला होता. पोरं जांभया देत होती तो भाग ती कोणाला सांगत नसे. त्यामुळे "आता आयोजकबाई!" असा गलका झाला तेव्हा ती आपला डबा घेऊन अगदी आरामात पुढे गेली. आपण कशात सापडणार नाही याची खात्री असलेल्या माणसाची चाल होती ती.

महाराजांनी तिचं मनगट धरलं. बोटं गरम होती.

"कोनी गेलं आहे. पुरुष..." थोडं थांबून, "नाई. बाई. आई आहे."

वासुदेवरावांनी रस्त्यात सगळं सांगितलं असणार, असं मोहिनीचं डोकं म्हणालं. ते बरोबरच होतं. पण छातीला कोणी ते कळवलं नव्हतं.

"डब्यात गोड आहे. आई करत होती तसंच केलं तुनं. गोल आहे. हाताले तूप लागते. लाडू आहेत. आईच्या हातचा वास आहे त्याले. आई इथंच उभी आहे, बेटी. ते म्हणते, माही पोरगी एकटी पडली."

लाडूच होते. आदल्या दिवशी आईच्या पद्धतीनं, आईसारखेच जरा जास्त भाजून केलेले बेसनाचे लाडू. मोहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन पुस्तकं कपाटात होती आणि कपाट कॉलेजात होतं.

"अजून काय म्हणते?" तिनं विचारलं. 

"आत्मा अटकून आहे. तिच्या अंगावरचं सोनं माह्याजवळ शुद्धीले ठेव. आत्मा मोकळा होईन, रोज बोलन तुह्यासंगं."

मोहिनीच्या हातात आईच्या पाटल्या होत्या. ती एक पाटली काढू लागली. पाटली अंगठ्याच्या सांध्यावर अडली. ती ओढत राहिली, पाटली अडत राहिली. त्या संध्याकाळी तिच्या बुद्धीनं केला नाही तेवढा विरोध तिच्या हाडांनी केला.

"साबन आना रे कोनी!" वासुदेवराव ओरडले.

साबण येईपर्यंत लाडू वाटून घ्यावेत म्हणून हर्षाच्या मुलीनं, गुंजननं, डबा उघडला.

"मावशी, हे तर मुगवड्या आहेत."

खरंच मुगवड्या होत्या. उन्हात वाळवलेल्या, कच्च्या, खडखडीत. मोहिनीला क्षणात उमगलं. आईचे दोन डबे सारखेच, दोन्हींवर आईचंच नाव कोरलेलं. लाडवांचा डबा घरी ओट्यावर राहिला होता आणि तिनं फळीवरचा उचलून आणला होता.

महाराज पापणी लवायच्या आत सावरले. "देखा! देखा लीला! आईनं लाडू घेतले आणि प्रसाद देल्ला! बिचारीच्या हातच्याच आहेत का नाई वड्या?"

सगळे मोहिनीकडे बघू लागले. आणि पंचाईत अशी की त्या खरोखरच आईच्या हातच्या होत्या. शेवटच्या उन्हाळ्यात गच्चीवर घातलेल्या. संपतील म्हणून मोहिनीनं एकदाही त्यांची भाजी केली नव्हती. हे तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. तिनं नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. चमत्कार पक्का झाला असता, आणि त्या चमत्काराच्या आत आई असती.

वासुदेवरावांनी हात जोडून डोळे मिटले होते. साबण आला होता.

"हो," मोहिनी म्हणाली. "आईच्या हातच्याच आहेत." जयजयकार सुरू झाला तशी ती ओरडली, "थांबा! मी चुकीचा डबा आणला. लाडू घरी ओट्यावर आहेत. गुंजन, पळ, चावी घे."

लाडू आले. एकही कमी झालेला नव्हता.

"म्हणजे महाराजांनी डब्यातलं ओळखलं नाही," मोहिनी सावकाश म्हणाली. तिलाही ते बोलता बोलताच कळत होतं. "माझ्या डोक्यात जे होतं ते ओळखलं. डब्यात काय आहे ते मलाच माहीत नव्हतं, मग त्यांना कुठून कळणार?"

"भक्ताच्या मनात शंका आली का शक्ती हटते," महाराज म्हणाले.

"मग शंका नसलेला माणूस घेऊ. अनुसयाकाकू, घरी जा, तुमच्या मनाला येईल ते डब्यात भरा आणि गुंजनजवळ द्या. तिला सांगू नका. तुम्ही मात्र तिथेच थांबा."

गुंजन डबा घेऊन परत आली. महाराज नाही म्हणू शकत नव्हते, शंभर माणसं बघत होती. त्यांनी पोरीचं मनगट धरलं.

"गोड..."

गुंजन त्यांच्याकडे बघत राहिली.

"नाई, तिखट... तिखट?"

"मले काय मालूम? आजीनं नाई सांगतलं."

"तळलेलं... शिजवलेलं..." महाराजांच्या कपाळावर घाम आला. "सफेद आहे! मऊ आहे! तोंडात टाकलं का विरघळन! देवाले आवडते!"

झाकण उघडलं. आत अनुसयाबाईंची दातांची कवळी होती.

सफेद होती, हे खरं. तोंडात टाकायची होती, हेही खरं. कॉलनी इतकी हसली की दूध उतू जातंय हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. अनुसयाबाई तोंडाला पदर लावून धावत आल्या आणि आधी दात मागू लागल्या. महाराजांनी शाल उचलली, "इथं नास्तिक लोकं आहेत" असं काहीतरी पुटपुटले, आणि पायीच निघाले. वासुदेवराव स्कूटरची किल्ली खिशात घट्ट धरून उभे होते.

"पन हे करते कसं?" त्यांनी विचारलं.

"हात द्या." मोहिनीनं त्यांचं मनगट धरलं. "तुम्ही घरून काय आणलं ते मला माहीत नाही. तुम्ही बोलू नका. गोड... तिखट... बघा, तिखट म्हटल्यावर हात ढिला पडला. चुकलं की माणूस ताठ होतो, बरोबर आलं की श्वास सोडतो. चिवडा... भजी... आलूबोंडा. आलूबोंडाच ना?"

वासुदेवरावांनी हात मागे ओढला. "आहो ताई, तुमी बी मठ काढा."

"ही आपली खिरापतच आहे. आपण तोंडानं हो-नाही म्हणतो, इथे हातानं म्हणतो, आणि आपण म्हणालो हे आपल्यालाच कळत नाही. राहिलेलं तुम्ही स्कूटरवर सांगितलंत." मग ती सगळ्यांकडे वळली. "उद्या दुसरा कोणी येईल. त्याच्याशी भांडू नका. फक्त ज्याला उत्तर माहीत आहे त्याला बाहेर पाठवा आणि मग विचारा. आणि ज्याच्या घरचं माणूस नुकतंच गेलंय त्याला अशा माणसासमोर एकटं बसू देऊ नका. तो मूर्ख नसतो. तो काहीही द्यायला तयार असतो."

चंद्र वर आला होता. पेले भरले जात होते. हर्षा तिच्या शेजारी येऊन बसली.

"ताई, राग नका मानू. तुमाले तर हे सारं पयलेपासून मालूम होतं. मंग तुमी पाटली काऊन काढून राह्यल्या होत्या?"

मोहिनीजवळ उत्तर तयार होतं. दुःखात मेंदू कसा वागतो, यावर दहा मिनिटांचं छोटं व्याख्यान, उदाहरणांसह. तिनं त्यासाठी घसाही खाकरला. हर्षा पेला हातात धरून तिच्याकडे बघत होती, आणि अनुसयाबाई, आता दातांसकट.

"कारण मले माही माय पाह्यजे, हर्षा," मोहिनी म्हणाली. वर्षभरात हे तिनं कोणाजवळ काढलं नव्हतं. "ते कुठंच नाई. मले मालूम आहे. तरी पाह्यजे."