विमानानं दीड तास

बंगळूर म्हणजे विमानानं दीड तास, हे श्रीयशचं ठरलेलं वाक्य. तळेगावहून मुंबई गाठायलाही जास्त वेळ जातो, असं तो फोनवर हसत सांगायचा. आईच्या खुब्याचं हाड मोडलं तेव्हाही त्यानं हेच सांगितलं, आणि आला मात्र नाही. ऑपरेशन, जागरणं, व्यायाम, सगळं धाकट्या बहिणीनं, आसावरीनं निभावलं. शाळेतली तिची रजा कधीच संपली होती.

दिवाळीला तो नक्की येणार होता. वसुबारसेला फोन आला की ऑफिसात अडकलोय, पण काही लागलं तर दीड तासात हजर.

आसावरीनं फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशीची दोन तिकिटं काढली. आईला एवढंच सांगितलं, दादाकडे जायचंय. अनसूयाबाईंना वाटलं, लेकानं बोलावलंय. त्यांनी चकल्यांचा डबा प्रवासभर मांडीवरून खाली ठेवला नाही.

उजाडायच्या आत त्या निघाल्या. चाकणला ट्रक अडकलेले, विमानतळावर व्हीलचेअरची वाट, उतरल्यावर बंगळूरचा ट्रॅफिक. कंबर धरून बसलेल्या आईकडे बघून आसावरीचा संताप वाढतच गेला. श्रीयशनं दार उघडलं तेव्हा दिवेलागण झाली होती.

"आई? अगं, आधी कळवायचं तरी!"

"कशाला कळवायचं, दादा? दीड तासाचं तर अंतर," आसावरी म्हणाली. "दिवस गेला आमचा त्यात. आता तू सांभाळ."

मग दोघांची जुंपली. त्यानं पाठवलेले पैसे निघाले, तिनं धुतलेली बेडपॅन निघाली. शेजारच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं.

"म्हणजे यानं बोलावलं नव्हतं?" अनसूयाबाईंनी विचारलं.

श्रीयशनं आसावरीकडे पाहिलं.

"राग त्याच्यावर होता ना तुझा?" त्या आसावरीला म्हणाल्या. "मग मोडलेलं हाड घेऊन मला का फिरवलंस? मी काय कुरिअर आहे?" मग त्या लेकाकडे वळल्या. "आणि दारात मला बघून तुझं तोंड कसं झालं, ते पाहिलंय मी. उद्या सकाळी आम्ही निघणार."

त्यानं चार दिवस राहा म्हणून विनवलं. त्यांनी ऐकलं नाही. डबा मात्र त्याच्या टेबलावर ठेवला.

परत आल्यावर त्या आसावरीशी कामापुरतंच बोलत. आसावरीलाही माफी मागायची होती, पण तोंड उघडलं की आधी दादाचाच राग बाहेर येई, आणि आई मान फिरवी.

भाऊबिजेला दुपार कलताना श्रीयश दारात उभा राहिला, घामेजलेला, हातात एक बॅग. महिनाभर इथूनच काम करणार होता. अनसूयाबाई वॉकर घेऊन स्वतः दारापर्यंत गेल्या आणि त्याला हातपाय धुवायला सांगितलं.

आसावरीनं त्याला ताट वाढलं. औषधांच्या वेळा समजावल्या. ओवाळलं मात्र नाही. आईनंही तिला तसं सुचवलं नाही.