पडद्यावरची वाट

मला तुम्ही पाहिलं असेल, पण माझ्याकडे पाहिलं नसेल. जुन्या फोटोत माणसं उभी असतात ना, त्यांच्या मागे मी असतो. एका छोट्या फोटो स्टुडिओतला रंगवलेला पडदा.

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका माणसाने मला रंगवलं. तळं त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. बादलीतल्या पाण्याकडे बघून बघून काढलं. तळ्यामागे डोंगर झाला आणि ब्रशातून तपकिरी रंगाचा ओघळ खाली आला. तो लपवायला त्याने तिथे वाट काढली, तळ्याकाठून डोंगराआड जाणारी.

माझे मालक मोजकं बोलायचे. त्यांनी त्या चुकीचं सोनं केलं. कोणी गाव सोडून निघालेलं असलं, की त्याला कडेला उभं करायचे, वाट मोकळी ठेवायचे. नवा संसार मांडणारं जोडपं आलं, की बरोबर वाटेसमोर, ती झाकून. डोंगर तोच, तळं तेच. पण एक फोटो जाणाऱ्याचा व्हायचा, एक राहणाऱ्याचा. लोक "छान आलाय हो" एवढंच म्हणायचे.

मालकांची एकुलती एक लेक माझ्यापुढेच रांगलेली. तिला सगळं कळायचं. दूरदेशी नोकरीला निघाली, त्या दिवशी मालकांनी तिला वाटेसमोर उभं केलं.

"बाबा, वाट झाकली गेली."

"असू दे."

"असू दे काय? मला जायचंय ना!"

मालक कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडात शिरले, ते बाहेरच येईनात. मग आले, आणि तिला खांद्याला धरून दोन पावलं बाजूला केलं.

ती गेली. पुढे मोबाइल आले, गिऱ्हाईक आटलं. माझ्या तळ्याला भेगा पडल्या, मालकांच्या हाताला कंप सुटला.

काल लेक आली, स्टुडिओ आवरायला. तिचेही केस पिकलेत. सगळं सामान बाहेर गेलं. मला गुंडाळता गुंडाळता ती थांबली, तिने मला पुन्हा उलगडलं आणि मोबाइल हातात घेतला.

"बाबा, इथे तुमचा एकही फोटो नाही. चला, उभे राहा."

मालक काठी टेकत आले आणि आपणहून कडेला उभे राहिले. वाट मोकळी ठेवून.

लेकीने स्टूल आणलं, बरोबर वाटेसमोर ठेवलं आणि त्यांना हाताला धरून बसवलं.

"अगं, वाट झाकली गेली."

"असू दे," ती म्हणाली.

तो माझा शेवटचा फोटो. आता माझी सुरळी कुठल्या कोपऱ्यात पडेल, कोण जाणे. तुमच्या घरी जुने फोटो असतील. कधी बाहेर काढलेत, तर माणसांच्या मागेही जरा बघा.