काचेपलीकडचे पोवळे

मी एक जुनी काच आहे. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले असेल, असे मी म्हणणार नाही. काच लोकांच्या नजरेस येते ती मळल्यावर किंवा फुटल्यावर. एरवी माणसे आमच्यातून पलीकडे पाहतात आणि आमचे त्यात समाधान असते. आपण दिसू नये, एवढीच आम्हा काचांची महत्त्वाकांक्षा. माणसांची नेमकी उलट असते, हे मला पुढे फार महागात पडले.

भट्टीतून निघून, गवतात गुंडाळलेली मी अकोल्यास आले. जठारपेठेतल्या मोतीराम हलवायांच्या कपाटाला मला बसवण्यात आले. माझ्या पलीकडे जिलबी होती आणि अलीकडे माशा. मोतीराम ज्या फडक्याने कढईचा काठ पुसत त्यानेच मला पुसत, त्यामुळे मी कधी स्वच्छ झाले नाही, फक्त तुपकट झाले. तरी गिऱ्हाईक माझ्यातून जिलबीकडे पाहून थबकत असे, तेव्हा मला बरे वाटे. पुढे एकाचे कोपर लागून माझा कोपरा तडकला. मोतीरामांनी माझ्या जागी जाळी बसवली आणि मला गोदामात भिंतीकडे तोंड करून उभे केले. भिंतीतून पलीकडे काही दिसत नाही. तिथे माझी काही वर्षे गेली.

एके दिवशी अमरावतीचे धर्मपाल मास्तर बहिणीला भेटायला अकोल्यास आले आणि जिलबी घेताना गोदामात डोकावले.

"फुटकी काच काय करता मास्तर?" मोतीरामांनी विचारले.

"समुद्र ठेवतो."

मोतीरामांनी मला मुकाट्याने कागदात गुंडाळून दिले. असे उत्तर आले की वऱ्हाडात दुसरा प्रश्न विचारत नाहीत. माणसाच्या घरच्यांची काळजी करतात.

धर्मपाल मास्तर कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिके करून दाखवत. प्रवाळ हा प्राणी आहे, असे ते दरवर्षी सांगत. दाखवायला मात्र कपाटातला एक पांढरा, मेलेला तुकडा होता. मुले तो हातात घेऊन पाहत आणि परीक्षेत लिहीत, 'प्रवाळ हा एक प्रकारचा दगड आहे.' मास्तरांनी मनात घेतले की जिवंत प्रवाळ घरी आणायचे, त्याची उघडी तोंडे अगदी जवळून टिपायची आणि तो फोटो प्रयोगशाळेत लावायचा. मग कोण दगड म्हणतो ते पाहू.

मला कापून लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत, टाकीच्या पुढच्या बाजूला बसवले. पौषात मास्तर मुंबईस गेले आणि काचेच्या बरण्यांत समुद्राचे पाणी अन् खडकाचा एक तुकडा घेऊन आले. त्या खडकावर तळहाताएवढे, काळपट हिरवे प्रवाळ होते. पाण्यात हवा सोडायला सायकलच्या चाकाची फुगवलेली ट्यूब लावली. तिन्ही बाजूंना ओले पोते गुंडाळले, कारण गार ठेवायची वस्तू म्हणजे माठ, असा इकडचा हिशेब. तरीही वऱ्हाडचे ऊन या जिवाला सोसणार नाही, हे मास्तरांना ठाऊक होते.

"चैताच्या आंधी एक फोटो झाला पायजे," ते पत्नीला, ललिताबाईंना म्हणाले. "मंग त्याचं काही खरं नाही."

मित्रांनो, मी मनोमन ठरवले की या फोटोत आपण अजिबात दिसायचे नाही.

पहिल्या फोटोत मी संपूर्ण दिसले. माझ्यात मास्तरांचा चेहरा होता, सदऱ्याचे बटण होते आणि दोरीवर वाळत घातलेले धोतर होते. प्रवाळ कुठे होते, हे फोटोवाल्यालाही सांगता आले नाही. मास्तरांनी जुन्या छत्रीचे काळे कापड फाडले, त्याला भोक पाडून त्यातून भात्याच्या कॅमेऱ्याचे भिंग बाहेर काढले आणि ते माझ्या जवळ आणले. आता प्रतिबिंब गेले. पण इतक्या जवळून त्या कॅमेऱ्यात डोळा लावून काही कळत नसे. अंतर दोऱ्याने मोजावे लागे. मास्तरांनी दोऱ्याला गाठ मारून अंतर अचूक मोजले. पाण्यातली वस्तू आहे त्यापेक्षा जवळ भासते, हे विसरले. तो फोटो ढगासारखा आला. त्यानंतरच्या फोटोत हवेचे बुडबुडे स्पष्ट आले. इतके सुंदर बुडबुडे मी पाहिले नव्हते आणि मास्तरांना ते पाहायचे नव्हते.

यात भर म्हणजे माणिकबाई. त्या शेजारी राहत आणि इतवारा बाजारात फुले विकत. मनाने फार चांगल्या. चांगल्या माणसांचा बंदोबस्त करणे अवघड असते.

"काय करून राह्यले भाऊ?"

"फोटो काढून राहिलो, मावशी."

"कोनाचा?"

"याचा."

त्यांनी माझ्यातून वाकून पाहिले. "या गोट्याचा? आन् आमी जित्ते मानसं काय मेलो?"

"मावशी, ते जिवंत आहे. ते पोवळ्याच्याच जातीचं आहे."

"आंगठीतलं पोवळं? ते कधी जित्तं असते काय! तुमचं शिकेल लोकायचं काही सांगता येत नाही बाप्पा." आणि त्या नवे लुगडे नेसायला घरी गेल्या.

त्या काळी कॅमेरा दिसला की माणूस आपोआप ताठ उभा राही. नाही म्हणणे म्हणजे शेजार तोडणे. मास्तरांच्या फिल्मच्या गुंडाळीतले फोटो असे एकेक करून गेले: माणिकबाई, माणिकबाईंच्या जाऊबाई, जाऊबाईंची नवी म्हैस. म्हैस अतिशय रेखीव आली.

फाल्गुन सरत आला. प्रवाळाची तोंडे दिवसा मिटलेली असत, पण सुक्या झिंग्याचा भिजवलेला चुरा सोडला की उघडत, हे मास्तरांना एव्हाना कळले होते. त्यांनी नवी गुंडाळी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी ललिताबाईंनी आरशाने अंगणातले ऊन आत पाडायचे, असे ठरले. या बेताची वार्ता माणिकबाईंना लागली.

फोटो म्हटला की तोंड धुणे आले. कंदिलाची काच घरोघरी रोज राखेने पुसली जाई आणि लखलखीत निघे. माणिकबाईंनी तोच न्याय मला लावला. सकाळी मास्तर आंघोळीला गेले असताना त्या चिमूटभर नव्हे, ओंजळभर राख घेऊन आल्या आणि काथ्याने मला आतून-बाहेरून घासू लागल्या. राख चुलीतली होती. त्यात खडे होते. प्रवाळ जिथे होते तिथेच मळ जास्त, म्हणून तिथे त्यांनी अधिक जोर लावला. पाणी राखाडी झाले.

मास्तर ओल्या अंगाने धावत आले.

"काय केलं मावशी हे!"

"काय केलं म्हंजे? फोटो काढाचा आन् काच अशी भुरकी? लोकं काय म्हनतील, या घरात बाया नाहीत?"

मास्तर टाकीत हात घालून प्रवाळ चाचपू लागले. ललिताबाईंनी मात्र माणिकबाईंना चहा दिला. आपल्याकडे संकटाला आधी चहा देतात.

राखाडी पाणी काढून टाकले आणि राखून ठेवलेल्या बरणीतले समुद्राचे पाणी घातले. ते शेवटचे होते. प्रवाळ अनेक दिवस मिटून राहिले. माझ्यावर ओरखड्यांचे जाळे पडले होते. मास्तर माझ्यासमोर बसत, आणि आता त्यांना मीच दिसे. काचेच्या आयुष्यात याहून मोठा अपमान नाही.

चैत्राच्या तोंडावर एका सकाळी प्रवाळाची थोडी तोंडे उघडली. सगळी नव्हे, एका कडेची.

"याच्यातून नाही जमत," मास्तर माझ्यावर बोट आपटून म्हणाले. मग कॉलेजातली सपाट काचेची बशी त्यांनी पाण्यावर अलगद तरंगत सोडली. तिच्याखालचे पाणी स्थिर झाले. वरूडच्या संत्र्यांची रिकामी पेटी तळाच्या फळ्या काढून टाकीवर ठेवली आणि कॅमेरा तिच्यात खाली तोंड करून टांगला. ट्यूबची हवा बंद केली. या वेळी गाठ पाण्याचा हिशेब करून मारलेली होती.

"आरसा हलवू नको."

"मी नाही हालून राहिली, सूर्यच हालून राहिला," ललिताबाई म्हणाल्या. "चुरा टाका लवकर."

चुरा पडला. तोंडांभोवतीच्या इवल्या बोटांनी तो पकडला. फोटो निघाला. माझा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. सगळे श्रेय एका बशीला गेले, जिने आयुष्यात जिलबीसुद्धा पाहिली नव्हती.

फोटो उत्तम आला. प्रवाळ मात्र चैत्र संपायच्या आत पांढरे पडले. मास्तर रोज पोते भिजवत होते. ते पांढरे पडल्यावरही दोन-चार दिवस भिजवत राहिले. मग टाकी रिकामी केली, मला काढले, ओरखडे नसलेला माझा भाग कापून घेतला आणि तो या फोटोवर चौकटीत बसवला. प्रयोगशाळेत नेण्याआधी चौकट घरात टेकवून ठेवली होती, तेव्हा माणिकबाई आल्या. बराच वेळ पाहत राहिल्या.

"हे तोंडं व्हय?"

"हो, मावशी."

"आन् हे खाऊन राह्यलं?"

"हो."

"मंग जित्तं होतं म्हना की!"

"मी तेच सांगत होतो ना."

"सांगत होते. पन दाखवलं कुठी?" त्या थांबल्या. "आता कुठी हाय ते?"

ललिताबाई म्हणाल्या, "मेलं, माय."

माणिकबाई खाली बसल्या. "म्या राख घातली म्हून?"

"नाही," मास्तर लगेच म्हणाले. "ऊन लागलं त्याला."

खरे काय ते मला ठाऊक नाही. मास्तरांनाही नसावे.

दुसऱ्या दिवशी माणिकबाई गल्लीतल्या सगळ्या बायांना घेऊन आल्या. "पाहा वं, पोवळं जित्तं असते. हे त्याचं तोंड. हा त्याचा घास. सांगलं तं खरं वाटत नाही, म्हून पाहून घ्या." मास्तरांना इतक्या वर्षांत जे साधले नव्हते, ते त्यांनी उभ्या उभ्या साधले. फक्त प्रत्येक वेळी त्या तेलकट बोट माझ्यावर ठेवत होत्या, नेमके त्या तोंडावर. तो डाग अजून आहे. चौकट प्रयोगशाळेत निघाली तेव्हा तो पुसायला हात गेला आणि थांबला. मास्तरांचाही आणि माणिकबाईंचाही.

मित्रांनो, काच जरूर पुसा. मऊ, कोरड्या फडक्याने पुसा. पण पलीकडे काय आहे ते आधी विचारा. कोणी 'ते जिवंत आहे' असे सांगितले, तर विश्वास ठेवायला फोटो निघेपर्यंत थांबू नका.