जुलाबाच्या गोळ्या

मामंजींना जुलाब झाले, हे सूनबाईनं धुण्यावरून ओळखलं. पंचाहत्तरीचा माणूस, सुनेपुढे पोटाबद्दल कधी चकार शब्द न काढलेला. विचारायची सोय कुठे? तिनं मुकाट्यानं जुलाब थांबवायच्या गोळ्या आणल्या आणि दोन्ही वेळा चहाच्या बशीत ठेवल्या. त्यांनीही मुकाट्यानं गिळल्या. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं, अशी जोडी.

दोघांचं शिवणाचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच. ते कापायचे, ती शिवायची. चौथ्या दिवशी कात्री ठेवून ते म्हणाले, "माझी पँट कमरेत जरा सैल करून दे."

"जेवण चिमणीएवढं आणि ढेरी शेठजीची," ती हसली. सोमवारीच तिनं एक इंच सोडला होता. टेप लावली, तर आणखी दीड इंच.

तिचं हसू जागच्या जागी मावळलं. जुलाबानं माणसाचं चिपाड होतं, तो फुगत नाही. रोज मापं घेणाऱ्या बाईच्या डोक्यात एवढं शिरायला चार दिवस लागले. टेप ओढताना पोटाला हात लागला, तर मामंजी कळवळले. पोट दगडासारखं ताठ होतं.

लाज गेली चुलीत. "मामंजी, नीट साफ कधी झालं होतं?"

"बारा दिवस झाले असतील," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "कालपासून वाराही सरत नाही. सकाळी उलटी झाली, मी मोरीत पाणी ओतून टाकलं."

तशीच रिक्षा बोलावून तिनं दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं. "हे जुलाब नाहीत, बद्धकोष्ठ आहे. मळाचा खडा अडकलाय, त्याच्या कडेनं पातळ तेवढं झिरपतंय. पोट फुगलं, उलटी झाली, वारा बंद झाला, की घरी तासभरही थांबायचं नसतं. आतडं फाटू शकतं. यांना काही औषध दिलंत?"

सूनबाई सांगायला पुढे झाली.

"जुलाब थांबवायच्या गोळ्या घेतल्या," स्ट्रेचरवरून मामंजी म्हणाले. "मीच आणल्या. तिला काही माहीत नाही."

लग्नाला वीस वर्षं झाली, तिनं त्यांचा शब्द कधी खोडला नव्हता. "खोटं सांगताहेत. मी दिल्या. चार दिवस, दिवसाला दोन. काही न विचारता दिल्या, तेही लिहून घ्या."

मामंजींनी चादर तोंडावर ओढली. तिनं ती खाली केली.

"आता लाजू नका," ती म्हणाली. "मला फार भीती वाटतेय."