तागडीतलं कार्ड

शांतादेवीला पत्त्यांचा राग होता, आणि तो उगाच नव्हता. तिच्या माहेरी, जयसिंगपुरात, थोरल्या काकानं तीन पत्तीच्या नादात चालता अडतीचा धंदा घालवला होता. त्यामुळं तिची एकुलती एक लेक विद्याश्री बँकेतली नोकरी सोडून कार्डांच्या खेळात शिरली, तेव्हा बाईनं घर डोक्यावर घेतलं. राक्षस, पाखरं, तलवारी छापलेली रंगीत कार्डं. चांगली शिकलीसवरलेली माणसं समोरासमोर बसून ती खेळायची, बदलायची, विकायची. "पत्त्यांनी कुणाचं घर वर आलंय काय?" हे वाक्य तीन वर्षं त्या घरात आमटी-भाकरीबरोबर वाढलं जात होतं. लेक निमूट ऐकायची आणि ताट घेऊन उठायची.

बाई वाईट नव्हती हो. नवरा बसलिंगाप्पा गेल्यावर लक्ष्मीपुरीतलं गूळ-भुसाराचं दुकान तिनं एकटीनं ओढलं, लेकीला शिकवलं. तोंड तेवढं फटकळ.

दिवाळी तोंडावर आली तशी एक दिवस विद्याश्रीच बोलली. "आव्वा, पुण्याच्या स्पर्धेत मिळालेलं ते निळ्या पाखराचं कार्ड हाय न्हवं, त्याला गिऱ्हाईक आलंय. एक लाख धा हजार. रविवारी येतंय न्यायला. राजारामपुरीत एक गाळा बघितलाय, त्याचं डिपॉझिट भागतंय त्यात. माझं सवताचं दुकान हुतंय."

शांतादेवीचा भाकरी थापणारा हात थांबला. तळहाताएवढ्या पुठ्ठ्याला लाख? तिनं लेकीकडं नीट बघितलं. पोरगी चेष्टा करत नव्हती. "बरं," एवढंच ती म्हणाली. पण त्या दिवसापासनं ते जेवणातलं वाक्य बंद झालं.

लक्ष्मीपूजनाला विद्याश्री शेजारीपाजारी फराळाची ताटं द्यायला गेली होती. शांतादेवीनं दुकानात पाट मांडला. पाटावर दर वर्षीसारखी बसलिंगाप्पाची पितळी तागडी ठेवली. एका पारड्यात घरातलं सोनं, दुसऱ्यात गुळाचा खडा. ह्या तागडीवर घर उभं राहिलं, म्हणून तिचा हा मान. हात जोडायला गेली आणि तिच्या मनात आलं, अगं, घरातली लाखाची वस्तू कपाटातच राहिली की. तिनं कार्ड आणलं. ते जाड प्लास्टिकच्या डबीत होतं. आता तुम्हीच सांगा, देवीपुढं लक्ष्मी ठेवायची आणि तीही डबीत कोंडून? तिनं नखानं डबी उघडली, गुळाचा खडा बाजूला काढला आणि त्या पारड्यात कार्ड ठेवलं. मग बोट पाण्यात बुडवून सोन्याला हळद-कुंकू लावलं, तसंच त्यालाही लावलं, पाखराच्या डोक्यावर. "आई, माझ्या लेकीला यश दे," असं पुटपुटताना तिचे डोळे भरून आले. तीन वर्षं आपण पोरीला किती टाकून बोललो, हे तिला त्या घटकेला सोसेना.

कार्ड परत डबीत घालून, फडक्यात गुंडाळून तिनं जागच्या जागी ठेवलं. लेकीला सांगायची तिला लाज वाटली. उघडंल तेव्हा बघंल, समजंल, असं तिनं ठरवलं.

रविवारी गिऱ्हाईक आलं. राजवर्धन नाव, पुण्याचा, सभ्य माणूस. शांतादेवीनं पावण्याला चहा दिला आणि कौतुकानं दारातच उभी राहिली. विद्याश्रीनं फडकं सोडून डबी पुढं केली. राजवर्धननं बॅटरी काढली, भिंग काढलं, आणि मधेच थांबला.

"हे काय लागलंय?"

विद्याश्री वाकली. पाखराच्या डोक्यावर तांबडा-पिवळा ठिपका होता आणि ओलीनं तिथला कागद फुगला होता. तिनं एकदाच आईकडं बघितलं.

राजवर्धननं आपल्या पाकिटातनं एक कार्ड काढून शेजारी ठेवलं. तेच निळं पाखरू, तेच रंग. "हे बघा काकू," तो दारात उभ्या शांतादेवीला समजावून सांगू लागला. "हे माझं दोन हजाराचं. नंतर छापलेलं, पाहिजे तेवढं मिळतं. तुमचं पहिल्या छपाईचं. खाली बारीक शिक्का आहे बघा. अशी थोडीच उरलीत, आणि कोरी तर त्याहून थोडी. त्या कोरेपणाचेच लाख रुपये होते. आता वीस हजारांच्या वर कुणी देणार नाही."

शांतादेवीला आणखी सांगायची गरज नव्हती. गुळाच्या एका रंगाच्या, एका वजनाच्या दोन ढेपा, पण एकीत मुंगी अडकलेली दिसली की ती स्वतःच ती ढेप फळीखाली सारायची.

"विद्या, हे झालं कसं?" राजवर्धन म्हणाला. "तू इतकी वर्षं खेळतेस. तुझ्या शब्दावर मी पुण्याहून आलो."

"चहा सांडला माझ्या हातनं," विद्याश्री म्हणाली. "तुम्हाला आधी सांगायला पायजे हुतं. चुकलं माझं."

"असं असेल तर तुझ्याकडून पुढं कोण काय घेणार?" तो रागावला नव्हता. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

शांतादेवीनं कधी कुणापुढं मान खाली घातली नव्हती. सासऱ्यापुढं नाही, अडत्यांपुढं नाही. गप्प राहिली असती तर त्या दिवशी निभावलं असतं. पण लेक आपल्यासाठी खोटं बोलतीय आणि त्यात तिचं नाव बुडतंय, हे तिला बघवेना.

"पावणं, तिनं न्हाय," ती पुढं येऊन म्हणाली. "लक्ष्मीपूजनाला मी कुंकू लावलं. तिला ठावं बी न्हवतं. माझ्या लेकीच्या शब्दात खोट न्हाय."

राजवर्धननं भिंग आणि बॅटरी आवरून ठेवली. मग त्यानं वाकून शांतादेवीला नमस्कार केला, वीस हजाराला द्यायचं असेल तर कळवा म्हणाला, आणि गेला.

सोमवारी गाळा दुसऱ्यानं घेतला. फोन ठेवून विद्याश्री दुकानात आईजवळच्या पोत्यावर बसली. दिवसभर दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलल्या होत्या.

"आव्वा," तिनं विचारलं, "पूजंत कुठं ठेवलंवतंस त्ये?"

"तागडीत."

"अप्पांच्या?"

"व्हय. सोन्याच्या समोरच्या पारड्यात."

विद्याश्रीनं तोंड फिरवलं. पण तिचे खांदे हलत होते, ते आईला दिसलं. मग ती म्हणाली, "मी न्हाय विकत आता त्ये."

"येडी हाईस," शांतादेवी म्हणाली. "वीस हजार काय फुकट येत्यात? ईक त्ये कार्ड. उद्या दुकान बंद ठेवूया आणि दुसरा गाळा बघूया. भाव मी करणार, तुला त्यातलं काय कळत न्हाय."

पत्ता म्हणायच्या जागी आई पहिल्यांदाच कार्ड म्हणाली होती. विद्याश्रीनं पदरानं डोळे पुसणाऱ्या आईकडं बघितलं.

"आणि दुसरं मिळव," शांतादेवी म्हणाली. "पुढच्या दिवाळीला कुंकू डबीवरनं लावीन."